मीठ एकाच हाताचं

९ सप्टेंबर

आज पण अळणी!

यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग हळूच विचारलं, "मीठ आहे का घरात?" घरात म्हणे! मिठाचा अख्खा पुडा ओट्यावर, माझ्या कोपराला लागून. पण घालायला हात जातच नाही. हाताला ती सवयच नाही.

कोणाला सांगितलं तर हसतील. केस पिकले स्वयंपाकघरात आणि बाईला मिठाचा अंदाज नाही! पण खरं आहे ते. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी आम्हा दोघींना ओट्यासमोर उभं केलं, ताईला आणि मला. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. सासूबाई म्हणाल्या, "घरात मीठ एकाच हातानं पडावं. दोन हातांचं मीठ म्हणजे एक दिवस खारट, एक दिवस अळणी. थोरली मीठ बघेल, धाकटी आच बघेल." झालं! दोन सुनांची भांडणं त्यांनी सुरू व्हायच्या आधीच वाटून टाकली.

तेव्हापासून चव ताईची, आच माझी. कधी मोठी करायची, कधी बारीक, कधी उतरवायचं, ते मी बघायचं. दूध वर यायला लागलं की मला बाहेरच्या खोलीत कळतं. आणि ताईनं मीठ घातलं की ती झाकण उलटं ठेवायची, मूठ आत, पोट वर. म्हणजे मीठ पडलंय, आता कोणी हात लावू नका. झाकण सरळ असेल तर मीठ बाकी. घरातल्या सगळ्यांना ही खूण ठाऊक होती. गोट्या, ताईचा मुलगा, लहानपणी मुद्दाम झाकणं फिरवून ठेवायचा आणि मग दोघींचा एकेक धपाटा खायचा.

आता ओट्याच्या अर्ध्यावर भिंत आहे. ताई पलीकडे, मीठ पलीकडे.

१० सप्टेंबर

आज खारट. आता बोला!

१२ सप्टेंबर

दुपारी पडल्या पडल्या त्या भिंतीकडेच बघत होते. भिंत कसली, फळ्यांची आडभिंत. पण काय केलीय! सुतारांच्याच घरातली ती. एक सांधा दिसेल तर शपथ.

भांडण झालं ते वर्कशॉपमध्ये. मोठे भाऊजी म्हणाले, कारखान्यातले तयार दरवाजे आणून विकू, हातानं करण्यात आता राम राहिला नाही. हे म्हणाले, "मग जन्मभर रंधा कशाला ओढला? भाजीचं दुकान घालायचं होतं!" तेही गिऱ्हाइकासमोर. भाऊजींना ते लागलं. मग शब्दाला शब्द. यांचा रागही काही साधा नाही, आणि भाऊजींचा तर विचारू नका! सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, दोघांचाही. शेवटी घराची वाटणी. पुढचा दरवाजा त्यांना, बाजूचा आम्हाला, परस सामाईक, आणि स्वयंपाकघर बरोब्बर मधून.

आणि गंमत बघा, ती आडभिंत दोघांनी मिळून केली! एकमेकांशी बोलत नव्हते, पण एक ओळंबा धरून उभा आणि दुसरा फळी ठोकतोय. "अजून सूतभर डावीकडे." "आता बरोबर." एवढंच बोलणं. काम वाईट झालेलं दोघांनाही खपत नाही. घर फोडतानासुद्धा फिनिशिंग पाहिजे!

मी आणि ताई बाजूला उभ्या राहून बघत होतो. तेव्हा आम्ही बोलत होतो अजून. बिनसलं ते भांडी वाटताना. ताईनं सगळ्यात आधी काय उचललं? मिठाची बरणी. पांढरी, चिनी मातीची, सासूबाईंची. पोटाशी धरली आणि म्हणाली, "ही तुझ्या हाती द्यायला मला भीती वाटते गं." हसत म्हणाली की खोचून, मला कळलं नाही. मला खोचूनच वाटलं. मी म्हटलं, "ने की! मिठावाचून काही मरत नाही मी."

ती गेली पलीकडे. फळी बसली. तेव्हापासून एक शब्द नाही.

१५ सप्टेंबर

भिंतीत फट नाही, पण वास थोडाच फटीतून येतो? खिडकीतून निघतो, परसातून फिरून माझ्या खिडकीतून आत येतो. सकाळी ताईचा कांदा परतल्याचा वास आला. छान, गुलाबी होत आलेला. मी भाजी चिरता चिरता मनात म्हटलं, आता बारीक कर. बारीक कर, ताई. आता! नाही केली. मग तो वास आला. कडू. करपला.

ती वाट बघत असणार, मी बारीक करेन म्हणून. अजून.

मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? अस्सं! एवढंच मनात आलं. पण मग चिरायची भाजी तशीच राहिली आणि मी खिडकीशी उभी राहिले, तो वास विरेपर्यंत.

१६ सप्टेंबर

आज पलीकडचं दूध वर येतंय हे मला वासावरून कळलं. राहवलं नाही. पळी घेतली आणि आडभिंतीवर दोनदा आपटली. ठक ठक!

पलीकडे पळापळ. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज. दूध वाचलं.

१७ सप्टेंबर

परत पळी. परत दूध वाचलं.

हे म्हणाले, "भिंतीवर काय आपटतेस? फळीला खड्डे पडतील." मी म्हटलं, "झुरळ होतं." "रोज एकाच जागी?"

२० सप्टेंबर

आज उभ्या उभ्या जेवले. परवाही. खरं तर हल्ली रोजच.

पूर्वी आम्ही दोघी सगळ्यांचं झाल्यावर बसायचो. पाटबीट काही नाही. ओट्याखालच्या थंड फरशीवर, पाय लांब करून, मधे पातेलं. ताटसुद्धा घ्यायचो नाही. तळाशी लागलेला भात, खमंग, मी मुद्दाम आच जास्त ठेवून लागू दिलेला, तो उलथन्यानं खरवडायचा आणि त्यात उरलेला रस्सा ओतायचा. ताई म्हणायची, "पुरुषांना आपण वरवरचं वाढतो, खरं जेवण हे!" मग खायचं, गप्पा मारायच्या आणि हसायचं. ताईला हसू आलं की आवाज येत नाही, नुसती हलते, डोळ्यांतून पाणी. एकदा ती अशी हलत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काय झालं म्हणून विचारलं. ताईला बोलता येईना, मला बोलता येईना. त्याही बसल्या आमच्याबरोबर. त्यांनीही खरवड खाल्ली.

मला मूल नाही झालं. त्याचं बोलणंसुद्धा त्या फरशीवरच झालं, भाताच्या पातेल्यावर. ताई म्हणाली, "गोट्या आहे ना! अर्धा तुझा. खालचा अर्धा घे, वरचा फार बडबडतो." असं बोलून तिनं मला हसवलं होतं. त्या दिवशी!

आता भात लागू देत नाही. एकटीनं काय खरवडायचं?

२३ सप्टेंबर

परसात दोरीवर कपडे वाळत घालताना ताई आली. समोरासमोर. ती बारीक झालीय. मला म्हणाली, "हे चिमटे तुझे."

मी म्हटलं, "राहू देत."

बस. केवढं बोलायचं होतं आणि बोलले काय, तर चिमटे!

२५ सप्टेंबर

हे घाबऱ्या घाबऱ्या आत आले. "उस्ताद येतायत. रविवारी. जेवायलाच."

उस्ताद म्हणजे या दोघा भावांना ज्यांनी रंधा धरायला शिकवला ते. आता थकलेत, मुलीकडे असतात, लांब. इकडून जाणार आहेत म्हणून फोन केला. म्हणाले, "घरी येतो. दोन्ही सुनांच्या हातचं जेवीन म्हणतो, पुन्हा येणं होतं न होतं." यांनी वाटणीचं काही सांगितलं नाही. तोंडच उघडलं नाही म्हणे.

मी विचारलं, "मग भाऊजींना बोलावणार?"

"तो येणार नाही."

"विचारलंत?"

"विचारायला कशाला पाहिजे? ओळखत नाही का मी त्याला?"

उस्ताद सासूबाईंच्या हातचं जेवलेले. ताईच्या हातचं जेवलेले. आणि आता ही अळणी धाकटी!

२७ सप्टेंबर

सराव म्हणून आज रस्सा केला. मीठ चिमटीनं घातलं, चाखलं. परत चिमटी, परत चाखलं. इतकं चाखलं की जीभच बधिर झाली. शेवटी शेजारच्या शिंपीणबाईला वाटीभर नेऊन दिला. तिनं चमचा तोंडात घातला, विचार केला आणि म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

२८ सप्टेंबर

सगळं लिहिते. सुचेल तसं लिहिते.

पहाटेपासून उभी. मटणाचा रस्सा बटाटे घालून, भात, भाजलेली वांगी, काकडी, आणि शेवटी साखरेत शिजवलेली सफरचंदं. आच अशी जमली होती की काय सांगू! मटण बोटानं तुटत होतं. आता फक्त मीठ. देवाचं नाव घेतलं आणि घातलं. चाखलं. थोडं आणखी घातलं. चाखलं. वाटलं, जमलं बहुतेक. मग झाकण ठेवलं, सरळच. उलटं कशाला ठेवू? खूण बघणारं होतंच कोण? गॅस बंद केला आणि पुढच्या खोलीत कपडे बदलायला गेले. परसाचं दार वाऱ्यासाठी उघडंच होतं.

उस्ताद आले. हातात काठी, बाकी तसेच. एका हाताला बोट कमी, तेही तसंच. आल्या आल्या म्हणाले, "थोरला कुठाय?" यांनी ठोकून दिलं, "बाहेरगावी गेलाय. वहिनी पण." आणि त्याच क्षणाला भिंतीपलीकडून मोठे भाऊजी खोकले! तो खोकला कोणाचा हे उस्तादांना काय सांगायला पाहिजे? लाकडाचा भुसा नाकात जाऊन जाऊन झालेला खोकला. यांचा चेहरा असा झाला की मला हसू दाबावं लागलं.

जेवायला बसले. मी वाढलं. उस्तादांनी रश्शात भात कालवला, घास घेतला आणि थांबले. मग पाण्याचा पेला उचलला आणि अख्खा रिकामा केला. यांनी घास घेतला. माझ्याकडे बघितलं. मी जाऊन पातेल्यातला चमचा जिभेला लावला. बाई गं! समुद्र!

मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण उस्ताद हसायला लागले. अगदी मनापासून. "अरे, दोन हातांचं मीठ पडलं की हे! तुझी आई असती तर झाकणं मोजली असती."

झाकणं.

मी वळून बघितलं. रस्सा वाढताना झाकण बाजूला ठेवलं होतं ते सोडा, पण उचललं कसं होतं? मुठीला धरून नाही, कडेला धरून! मूठ आत होती. झाकण उलटं होतं.

मी ते उलटं ठेवलं नव्हतं.

म्हणजे मी कपडे बदलत असताना ती आली. परसातून. उस्ताद येणार हे भिंतीपलीकडून ऐकलंच असेल. झाकण सरळ दिसलं. मनात म्हणाली असेल, ही वेडी विसरली, उस्तादांसमोर यांची मान खाली जाईल. बरणीतलं मीठ घेऊनच आली असेल, चिमटीत धरून. घातलं, हलवलं, झाकण उलटं ठेवलं आणि गेली. चाखून बघायची तिला कधी गरजच पडली नाही जन्मात. आज पडली असती तर!

मी तिथंच फरशीवर बसले. रडत होते की हसत होते कुणास ठाऊक. हे "काय झालं, काय झालं" करत आले. मी त्यांना बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "उस्ताद, आज रश्शाला दोन्ही जावांचा हात लागलाय! खारट लागला तर भांडणाऱ्या भावांना बोल लावा!"

पलीकडे भांडं पडलं.

मग रश्शात उकडलेले बटाटे ढकलले, गरम पाणी ओतलं, निम्मा भात त्यातच घातला. उस्ताद दोनदा मागून जेवले. सफरचंदं चाटूनपुसून संपवली. निघताना आडभिंतीशी गेले, फळीवर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला. विचारलं, "कोणी केली?"

हे खाली बघून म्हणाले, "आम्ही दोघांनी."

उस्ताद म्हणाले, "काम चोख आहे. जागा चुकली."

२९ सप्टेंबर

यांच्या रंध्याचा आवाज येतोय, पण नेहमीची शीळ नाही.

१ ऑक्टोबर

आज एक केलं. भाजी शिजवली, मीठ घातलंच नाही. पातेलं परसाच्या पायरीवर ठेवलं, झाकण सरळ. मी आत. दार लोटून, फटीतून बघत, चोरासारखी.

कोणी आलं नाही. मांजर आलं, वास घेऊन गेलं. त्यालाही अळणी वाटलं असेल.

२ ऑक्टोबर

आजही कोणी नाही. यांनी अळणी भाजी मुकाट्यानं खाल्ली. एवढे साधे कधी झाले हे?

४ ऑक्टोबर

उलटं!

पातेलं पायरीवर ठेवून मी आत कांद्याची सालं गोळा करत होते. बाहेर आले तर झाकणाचं पोट वर. ताई दिसली नाही, पदराचं टोकसुद्धा नाही. पण भाजी! एक घास घेतला आणि डोळे मिटले. ही माझ्या घराची चव. इतके दिवस मी जे खात होते त्याला जेवण म्हणायचं?

हे दुसऱ्यांदा भाजी घेताना म्हणाले, "जमायला लागलं तुला." मी म्हटलं, "हो, लागलं."

५ ऑक्टोबर

उलटं. आणि मी तिच्या दुधाला पळी वाजवली. फिट्टंफाट!

७ ऑक्टोबर

रोज चाललंय. बोलत नाही आम्ही. पायरीवर पातेलं, भिंतीवर पळी. मला वाटतं, कोणी आधी बोललं तर हेही बंद पडेल. पण मनात म्हणते, ताई, एक दिवस पातेलं घेऊनच आत ये. मी भात लागू देते. ये गं.

९ ऑक्टोबर

गोट्या आलाय, नोकरीच्या गावाहून. काकू काकू करत आत आला, खाऊ आणला, पाया पडला. किती मोठा माणूस झालाय! आणि मग म्हणतो, "काकू, आई-बाबांना घेऊन जायला आलोय. माझ्याकडेच राहतील आता. बाबांचं कामात लक्ष नाही, नुसते बसून असतात. इथे राहून काय करणार?"

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

परसात गेले. ताई नळावर डबे घासत होती. मी म्हटलं, "जातेस?" इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते यासाठी!

ती म्हणाली, "तो म्हणतोय." मग डबा घासत घासत म्हणाली, "मी म्हटलं त्याला, तिथे आच कोण बघेल? तर म्हणाला, आई, तिथली शेगडी आपोआप बंद होते."

मला काय झालं कुणास ठाऊक. शेगडी आपोआप बंद होते! म्हणजे झालं की. माझं काम संपलं. मी म्हटलं, "मग काय, बरंच झालं!" आणि आत निघून आले. दार जरा जोरातच लागलं.

जाऊ नको, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाला काय कुलूप लागतं माझ्या ऐन वेळेला?

१२ ऑक्टोबर

गेली.

गाडीत मागे बसली, मिठाची बरणी मांडीवर. दोन्ही हातांनी धरलेली. भाऊजी पुढे. हे वर्कशॉपच्या दारात उभे, हातात रंधा, बाहेर आले नाहीत. भाऊजींनीही मान वळवली नाही. ताईनं वळवली. मी हात वर केला, तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

पुढच्या दाराला कुलूप. परसाच्या दारालाही.

१३ ऑक्टोबर

पातेलं पायरीवर ठेवलं. सवयीनं. मग आत आणलं.

१६ ऑक्टोबर

करपल्याचा वास आला. मी पळी घेऊन धावले आणि आडभिंतीवर आपटत सुटले. ठक ठक! ठक ठक! बंद कर ना, ताई!

पलीकडे कोणी नाही. दूध माझंच होतं. माझ्या पाठीमागे, माझ्याच गॅसवर उतू जात होतं. मी, आच बघणारी!

२० ऑक्टोबर

गोट्याचा फोन. "काकू, आई काही खात नाही. आणि सगळं करपवते."

"तुझी शेगडी आपोआप बंद होते ना?"

"होते! तरी करपवते. आई म्हणते, ही शेगडी बघत नाही, नुसती बंद होते."

मी फोन यांच्याकडे दिला. मला पुढे ऐकवेना.

२२ ऑक्टोबर

हे आज आडभिंतीवर बोटं वाजवत उभे होते. ठोकून बघायचे, कान लावायचे. मी विचारलं, "काय शोधताय?"

म्हणाले, "फळीनं ओल धरलीय. फुगलीय."

ओल! कोरडी ठणठणीत आहे. थोड्या वेळानं फोनवर बोलताना ऐकलं. आधी नुसतं खाकरणं. मग, "मी बोलतोय... हो... ती मधली फळी फुगलीय. मला एकट्याला निघायची नाही. येऊन बघतोस का?" मग, "बरं. बघ." फोन ठेवला.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाला."

काही नाही म्हणाले, की "नाही" म्हणाले? ते यांनाही माहीत नाही.

२४ ऑक्टोबर

आज मीठ बरोबर पडलं. पहिल्यांदाच, एकाच झटक्यात, न चाखता. हात आपोआप गेला आणि आपोआप थांबला. यांनी खाल्लं, मान वर केली, म्हणाले, "अगं, जमलं की! अगदी वहिनीसारखं."

मी हसले. वाढून झाल्यावर परसात गेले आणि पायरीवर बसून रडले. जमायला नको होतं मला. मला जमलं, तर ती कशाला येईल?

२७ ऑक्टोबर

काही नाही. भात, भाजी. मीठ बरोबर. चव काही नाही.

३० ऑक्टोबर

रस्सा शिजवला, गॅस बंद केला, पिशवी घेऊन बाजारात निघाले. अर्ध्या वाटेवर आठवलं, मीठ घालायचंच राहिलं! धापा टाकत परत आले. हे वर्कशॉपमध्ये, रंध्याचा आवाज येत होता. घरात कोणी नव्हतं.

पातेल्यावरचं झाकण उलटं. परसात डोकावले, ताईच्या दाराला कुलूप नाही.

चाखून नाही बघितलं. काय गरज? भात चढवला, आच मोठी ठेवली. लागू दे आज.